नेपियर गवताला खत काय टाकू?? मुरघास नासतोय, लवकर सांगा

गोठा_आणि_घोटाळा: नेपियरचा मुरघास (हिरवा चारा कापून, दाबून, हवाबंद आंबवतात तो) केला, ५० किलोच्या बॅगा भरल्या, दीड महिन्यानं उघडल्या तर खालून काळं पाणी आणि वास असा की म्हैस तोंड फिरवती. खत कमी पडलं असणार. परवा परत कापायचंय, चारा बारीक कापणारा कुट्टीवाला सांगून ठेवलाय. डीएपी टाकू का १९:१९:१९ सोडू? लवकर सांगा.

काळीमाती: जात कुठली? क्षेत्र किती? मागचं खत कधी टाकलं? आणि परवा कापायचं तर आज टाकलेलं खत कोणाला, म्हशीला?

गोठा_आणि_घोटाळा: फुले जयवंत. २० गुंठे. खत तर टाकलंयच की, युरिया.

देशीगाय_प्रेमी: युरियानं जमीन मेली. शेणाची स्लरी सोडा, दर आठ दिवसाला. माझं गवत बघायला या, डोक्याच्या वर.

काळीमाती: युरिया किती आणि कधी ते सांगा ना राव.

कडबा_किंग: युरिया प्रक्रिया सोपी आहे. १०० किलो कडब्याला ४ किलो युरिया, ४०-५० लिटर पाण्यात विरघळवून शिंपडायचा, दाबून ताडपत्रीनं झाकायचं, २१ दिवसांनी उघडायचं.

काळीमाती: कडब्याचं कोण विचारतंय?

गोठा_आणि_घोटाळा: एक गोणी टाकली, १० दिवस झाले. मागच्या वेळी पण असंच, कापायच्या आधी टाकतो म्हणजे हिरवंगार होतं. ३५ दिवसाचं झालंय, दूधवाल्याची घाई हो.

काळीमाती: हे आधी सांगायचं होतं! गोणी म्हणजे ४५ किलो. आमच्याकडं शिफारस कापणीनंतर हेक्टरी २५ किलो नत्राची (नायट्रोजनची), म्हणजे २० गुंठ्याला युरिया १०-११ किलो. तुम्ही चौपट ओतलाय आणि तो पण चुकीच्या टोकाला. खत कापणी झाली की लगेच, पाण्याबरोबर. उशिरा दिलं की पानात नायट्रेट साठतं, साखर कमी राहते, पाणी जास्त. साखर नसली की मुरघास आंबत नाही, नासतो. ओल्या चाऱ्यात नायट्रेट जास्त झालं तर जनावर दगावतं पण, त्यात ढगाळ हवा. परवाचं रद्द करा, अजून दोन-तीन आठवडे थांबा.

देशीगाय_प्रेमी: म्हणूनच म्हणतो स्लरी.

बागायती_बाबा: स्लरी पण कापल्यावरच, उभ्या गवतावर शेण मारून बॅग भरली तर शेणातले जंतू आत जातात, आमच्या दोन ट्रॉल्या गेल्यात. आणि पालाशाचं कोणीच बोलत नाही! नेपियर पालाश खूप ओढतं. जुन्या पानांच्या कडा करपल्यात का बघा, पोटॅश लागेल. आधी माती परीक्षण.

गोठा_आणि_घोटाळा: करपल्यात थोड्या. मला वाटलं ऊन.

काळीमाती: आणि कापल्या कापल्या कुट्टी करू नका. दिवसभर शेतातच सुकू द्या. कुट्टीची मूठ दाबायची, हाताला पाणी लागलं तर ओलं, मूठ सोडल्यावर गोळा हळूहळू सुटला की भरा.

म्हैसवाली: सुकवायचं म्हणता, पण पाऊस लागलाय ना दादा. आमच्याकडं परवापासून सूर्य नाही.

कडबा_किंग: म्हणून कडबा बरा.

गोठा_आणि_घोटाळा: कुट्टीवाला ॲडव्हान्स परत देईना. आणि ते काळं झालेलं म्हशीला टाकू का थोडं थोडं?

म्हैसवाली: नका टाकू. उकिरड्यात. बॅग कितीला पडली हो तुमच्याकडं?