अझोर्सच्या साओ जॉर्जला सर्फिंगला जावं का? मतं हवीत

समुद्रवेडी
नमस्कार मंडळी. आम्ही चौघं म्युनिकला असतो, सप्टेंबरअखेर दहा दिवस सुट्टी जमतेय. सर्फिंग कर्नाटकातल्या मुल्कीला शिकलो, नंतर पोर्तुगालच्या एरिसेराला दोनदा जाऊन आलो, न फुटलेली लाट आपली आपण पकडता येते, त्यापुढे फार नाही. मनात भरलंय ते अटलांटिकमधल्या अझोर्स या पोर्तुगीज बेटांपैकी साओ जॉर्ज, लांबी ५४ किमी नि रुंदी जेमतेम ७. उत्तरेच्या कड्याखाली सांतो क्रिश्तो म्हणून छोटीशी वस्ती आहे, तिथे गाडीरस्ता नाही, वरून दोन-अडीच तास उतरायचं नाहीतर शेजारच्या कुब्रेस वस्तीहून किनाऱ्याने चालत जायचं. समोर लाट आणि मागे खाऱ्या पाण्याचं तळं, त्यात तिसऱ्या (खायच्या शिंपल्या) मिळतात, अख्ख्या अझोर्समध्ये फक्त तिथेच! कोणी विचार केलाय का जायचा?

कातळ
ताई, स्पष्ट सांगतो, जाऊ नका. मी स्पेनच्या लान्झारोते बेटावर लाव्हाच्या रीफवर, म्हणजे पाण्याखालच्या खडकावर पडलोय. लाट सुटली, सवयीने पाय खाली टाकला आणि टाच उघडी पडली, सात टाके. दवाखाना वीस मिनिटांवर होता म्हणून निभावलं. साओ जॉर्जवर हॉस्पिटल नाही, आरोग्य केंद्रं आहेत, मोठं काही झालं तर तेरसेइरा बेटावर हलवतात, आणि त्याआधी तुम्हाला त्या वस्तीतून बाहेर कसं काढणार? हरिहरेश्वरला ओहोटीला कातळावर अनवाणी चालून बघा, कालवांनी तळवे कापतात. साओ जॉर्जचा खडकही तसाच बेसॉल्ट, फक्त तिथे वरून लाट पण आदळते. शिवाय अटलांटिकचं १४ सेकंदांचं स्वेल (लांबून येणाऱ्या लाटा, दोन लाटांत १४ सेकंद) म्हणजे मुल्कीची लाट नव्हे, उंची तेवढीच दिसली तरी धक्का कितीतरी जास्त. ज्वालामुखीचंच बेट हवं तर लान्झारोतेच्या फामाराला जा, लांबलचक वाळू आहे.

सांजवारा
असहमत. दुखापत एरिसेरालाही होते, तिथेही रीफच आहे. प्रश्न तयारीचा आहे. खरी कटकट बोर्डची. बेटांमधली विमानं लहान पंख्याची, लांब बोर्ड मागे राहू शकतो, आणि वारा-धुकं असलं की फ्लाइटच रद्द. म्हणून लिस्बनहून शेजारच्या फायाल बेटावर ओर्ताला उतरा आणि तिथून बोटीने साओ जॉर्जच्या वेलासला जा. पाणी त्या दिवसांत २२ अंशांच्या आसपास, ३/२ वेटसूट (अंगाला ३ मिमी, हातापायाला २ मिमी जाड) पुरतो. दोन दिवस मोकळे ठेवाच.

माई
मला तिसरंच म्हणायचंय. १ जानेवारी १९८०च्या भूकंपानंतर त्या वस्तीतली बहुतेक माणसं उठून गेली, मोजकी घरं पुन्हा नांदती झाली. मार्च २०२२मध्ये बेटाला हजारो छोटे हादरे बसले तेव्हाही कितीतरी लोक घर सोडून निघाले होते. असल्या ठिकाणी आपण "लपलेली जागा" म्हणून फोटो टाकतो आणि पुढच्या वर्षी पन्नास जण येतात, हे मला फार टोचतं. कोकणात आपल्याच वाड्यांचं काय झालं ते बघतोय ना? जा, पण चौघंच जा, गावातच जेवा, पाण्यात उतरायच्या आधी तिथल्या पोरांना विचारा आणि लाट त्यांची आहे हे लक्षात ठेवा.

कातळ
माईंशी सहमत. पण सांजवारा, तयारी म्हणजे काय? पडायचं कसं हे वाळूवर शिकलेल्याला रीफवर आठवत नाही. सपाट, पसरून पडायचं आणि पाय खाली टाकायचाच नाही, हे अंगात मुरायला वर्ष जातं.

समुद्रवेडी
सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री चौघांनी बसून सगळं वाचलं. आता असं ठरतंय: आधी सहा दिवस अझोर्सच्याच साओ मिगेल बेटावर, रिबेरा ग्रांदेजवळ सांता बार्बराच्या काळ्या वाळूवर, तिथे पडायची सवय करायची. मग शेवटचे चार दिवस साओ जॉर्ज. सांजवारा, म्हणजे ते लहान विमान आलंच, बोट मिगेलहून सोयीची नाही. बोर्ड मागे राहिला तर राहिला, उतरून जाऊ, तिसऱ्या खाऊ, लाट काठावरून बघू. माई, फोटोत जागेचं नाव टाकणार नाही, शब्द देते. कातळदादा, एक विचारू? तुम्ही पडलात तेव्हा भरती होती की ओहोटी?

कातळ
ओहोटी, अगदी तळाची. पाणी गुडघ्याएवढंच उरलं होतं आणि मी लाटेकडे बघत होतो, खाली बघितलंच नाही. गेलात तर पूर्ण भरतीच्या आधीचे दोन तास धरा, पायात बूट घाला, आणि एकीला काठावर फोन घेऊन बसवा.