आईच्या अंगावरचं पुरळ (सोसायटी ग्रुप, लातूर)

बी-२०४, रात्री ८:४०
नमस्कार. आईच्या अंगावर काल सकाळपासून लाल पुरळ उठलंय. आधी छातीवर होतं, आता गळ्यापर्यंत आलंय. ऊन लई आहे, उष्णता झाली असावी. आपल्या डॉक्टरांचा दवाखाना बंद झाला. घरात ॲलर्जीची सेट्रिझिन आहे, देऊ का?

सी-१०१
घामोळं असेल भाऊ. धने-जिऱ्याचं पाणी द्या, सब्जा द्या. आमच्या पोरांना पण उठलंय.

ए-४०३
गोवर पण असू शकतो. कडुलिंबाचा पाला टाकून आंघोळ घाला.

ए-३०२
भाऊ, जरा थांबा. आंघोळ, लेप काही नको. आधी सांगा, काकूंना ताप आहे का? तोंड आलंय का, डोळे लाल आहेत का? अन् गेल्या दीड-दोन महिन्यांत कुठली नवीन गोळी सुरू झालीय का?

बी-२०४
ताप परवापासून आहे, १०१. तोंड आलंय, दुपारी निस्तं ताक घेतलं, भाकरी गिळवत नाही म्हणाली. डोळ्यांची आग होऊ लालीय. बीपीची गोळी जुनीच आहे. पायाचा अंगठा सुजला होता, युरिक ॲसिड वाढलं म्हणून एक गोळी दिलीय, पण तिला तीन आठवडे झाले. त्रास व्हायचा असता तर तेव्हाच झाला असता ना?

ए-३०२
नाही भाऊ, तसं नसतं. पाकिटाच्या मागं बारीक अक्षरात काय लिहिलंय? वरचं मोठं नाव नको, घटक सांगा.

बी-२०४
अ‍ॅलोप्युरिनॉल.

ए-३०२
ती गोळी आता द्यायची नाही. ज्यांनी लिहून दिली त्यांना जाता जाता फोन लावा, पण त्यांची वाट बघत बसू नका. जिथं आयसीयू अन् त्वचेचे डॉक्टर आहेत तिथं आत्ताच निघा. घरातली सगळी पाकिटं पिशवीत घ्या, रिकामी पण. सेट्रिझिननं हे थांबत नाही. ह्यांना गाडी घेऊन खाली पाठवतेय.

बी-२०४
निघालो ताई.

ए-३०२, रात्री ९:२५
भाऊ दवाखान्यात पोचले. आता बाकीच्यांसाठी लिहिते, कारण घामोळं अन् उष्णता आम्हीही म्हणालो होतो.

दोन वर्षांपूर्वी माझ्या आईच्या गालात करंट लागल्यासारखी कळ यायची. दात घासता यायचे नाहीत. कार्बामाझेपिन सुरू झाली आणि चार दिवसांत कळ गेली. आई इतकी खूश होती. सोळाव्या दिवशी ताप आला, डोळे लाल झाले. गावातल्या डॉक्टरांनी व्हायरल म्हणून औषधं दिली. नवीन गोळी चालू आहे का, हे त्यांनी विचारलं नाही, आणि आम्ही सांगितलं नाही. पंधरा दिवस सोसलेल्या गोळीवर संशय कोण घेणार? ती गोळी आणखी तीन दिवस आम्ही आमच्या हातानं दिली.

मग ओठांवर काळी खपली धरली. हात सुजायला लागले म्हणून मी साबण लावून तिच्या बांगड्या काढत होते. बांगडीबरोबर मनगटाची कातडी ओल्या कागदासारखी सरकून आली. ती ओरडली नाही, नुसती माझ्याकडं बघत राहिली.

भाजलेल्या पेशंटसारखं १९ दिवस ठेवावं लागलं. डोळ्यांच्या डॉक्टरांना बोलवायचं आम्हाला फार उशिरा सुचलं. आज तिच्या डोळ्यांत पाणी तयार होत नाही, दर दोन तासांनी थेंब घालावे लागतात.

सी-१०१
अगं बाई. मी तर धने-जिरे सांगून बसले.

ए-१०४ (मेडिकलवाले काका)
सगळ्यांना तसंच वाटतं ताई. औषधाची ॲलर्जी म्हटलं की लोकांना इंजेक्शननंतर लगेच होणारी आठवते. ती पण खरीच: पेनिसिलीनसारख्या औषधानं काही मिनिटांत गांधी उठतात, ओठ-जीभ सुजते, दम लागतो, बीपी पडतं. तिथं मांडीत ॲड्रेनॅलिन हाच पहिला इलाज, आणि १०८ ला फोन.

ताईंच्या आईला झालं ते दुसरं. स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम म्हणतात. १९२२ साली त्या नावाच्या दोन अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी ते पहिल्यांदा मांडलं. हे बहुतेक वेळा गोळी सुरू केल्यावर ४ दिवस ते ४ आठवडे या काळात उठतं, कधी दोन महिन्यांपर्यंतही. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, लॅमोट्रिजिन, अ‍ॅलोप्युरिनॉल, सल्फाच्या गोळ्या, काही पेनकिलर ही त्यातली नेहमीची नावं. पाळीत पोट दुखलं की मुली न विचारता मेफेनॅमिक ॲसिड घेतात. त्यानंही ताप, पुरळ अन् आतल्या अवयवांना सूज येऊ शकते, असा इशारा इंडियन फार्माकोपिया कमिशन या सरकारी संस्थेनं २०२३ मध्ये दिला होता.

पण घाबरून कुणी चालू गोळ्या फेकू नका. लाखो लोक या गोळ्या घेतात अन् त्यांना काही होत नाही. अ‍ॅलोप्युरिनॉल चांगलं औषध आहे. किडनी कमजोर असेल किंवा सुरुवातच मोठ्या डोसनं केली तर धोका वाढतो.

ए-२०१
काका, आमच्या पोराला झटक्यांसाठी लॅमोट्रिजिन सुरू होऊन आठ दिवस झालेत. पुरळ नाही. बंद करू का?

ए-१०४ (मेडिकलवाले काका)
अजिबात नको. झटक्यांची गोळी अचानक तोडली तर झटके उलटतात. तिचा डोस हळूहळू वाढवतात तो याच्याचसाठी, आपल्या मनानं वाढवू नका. पुरळ दिसलं तर मात्र त्याच तासाला डॉक्टरांशी बोला, उद्यावर टाकू नका.

ए-३०२
अजून एक सांगते. मागच्या दिवाळीत आई बहिणीकडं परभणीला होती. गालातली कळ परत आली. तिथल्या डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, नाव नवीन, पाकिटाचा रंग वेगळा. आईनं पैशाच्या छोट्या पाकिटातला कागद काढून मेडिकलमधल्या मुलाला दाखवला. त्यावर मी मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय: कार्बामाझेपिन चालत नाही, फेनिटॉइन आणि फेनोबार्बिटोन पण नको. त्यानं पाकीट उलटं करून वाचलं आणि परत आत ठेवलं. त्या मुलाचं नाव पण मला माहीत नाही, पण त्याला मी विसरणार नाही. कंपनीच्या नावावर जाऊ नका, तेच औषध पन्नास नावांनी मिळतं. घरातल्या म्हाताऱ्यांच्या खिशात घटकाचं नाव लिहून ठेवा.

ए-१०४ (मेडिकलवाले काका)
अन् असं काही झालं तर कळवा पण. २०१० पासून सरकारची फार्माकोव्हिजिलन्स योजना आहे, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणारी, १८००-१८०-३०२४ हा फुकटचा नंबर. पेशंटच्या घरचे स्वतः कळवू शकतात.

बी-२०४, रात्री १२:३५
ॲडमिट केलं. त्वचेच्या मॅडम म्हणाल्या गोळीचंच आहे. कातडी अजून सुटलेली नाही. पाकीट सोबत होतं म्हणून दहा मिनिटांत कळालं म्हणाल्या.

ए-३०२
डोळ्यांच्या डॉक्टरांना सकाळीच बोलवायला सांगा, विसरू नका. अन् काकूंच्या हातात बांगड्या आहेत का?

बी-२०४
नर्सबाईंनी ओढल्या नाहीत, कापून काढल्या. डोळ्यांचे डॉक्टर सात वाजता येणारेत.