'जरा बघता का?' : विद्यापीठातल्या तंत्रसहायकांचे अनुभव

आमच्या विभागात एक तंत्रसहायक होते. नेमणूक संगणक प्रयोगशाळेसाठी, पण प्रोजेक्टर, प्रिंटर, सभागृहातला माइक, एकदा तर कपाटाचं अडकलेलं कुलूप, सगळं त्यांच्याच गळ्यात. आम्ही 'काका' म्हणायचो. हुद्दा काय, हे पदवी हातात पडेपर्यंत मला ठाऊक नव्हतं.

एकदा लॅबमधल्या जुन्या पीसीवर एकही साइट उघडेना. जिकडेतिकडे 'कनेक्शन सुरक्षित नाही'. मी ब्राउझर दोनदा काढून परत टाकला. काकांनी स्क्रीनच्या कोपऱ्यात बघितलं आणि विचारलं, "आज तारीख काय रे?" घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलेलं! साइटच्या प्रमाणपत्राची मुदत पीसी आपल्या घड्याळाशी ताडून बघतो, तिथेच गाडं अडलेलं. मदरबोर्डवरची नाण्याएवढी ३ व्होल्टची बॅटरी बदलली, काम झालं.

तुम्हाला असं कुणी भेटलंय? लिहा. वाईट अनुभवही चालतील.

*

प्रबंध जमा करायच्या दोन दिवस आधी पेनड्राइव्ह 'फॉरमॅट करा' म्हणायला लागला आणि मी घाबरून 'हो' दाबलं. बॅकअप? नाव नका काढू.

लॅबमधल्या ताईंनी आधी पेनड्राइव्ह काढून घेतला. "आता यावर एक अक्षरही लिहायचं नाही." क्विक फॉरमॅटमध्ये फक्त अनुक्रमणिका पुसली जाते, पानं तशीच असतात, त्यांवर नवं काही लिहिलं की मात्र गेली. त्यांनी आख्ख्या ड्राइव्हची प्रत काढली आणि त्या प्रतीवर काम सुरू केलं. फायली निघाल्या, पण नावं उडालेली, नुसते आकडे. शेकडो! मी रडकुंडीला आले. तर ताई म्हणतात, "तुझ्या प्रबंधात असेल आणि दुसरीकडे कुठेच नसेल असा एक शब्द सांग." मी म्हटलं, शैवाक. सात फायली आल्या. सहाव्या फायलीत पाचवं प्रकरण होतं, शेवटचा परिच्छेद अर्धवट, मी सोडला होता तसाच.

*

नशीबवान आहात. आमच्याकडे वायफाय बंद पडलं तरी फॉर्म भरा, तक्रारीचा 'तिकीट' नंबर घ्या, वाट बघा. तीन आठवड्यांनी 'समस्या सोडवली आहे' असा मेल आला, वायफाय बंदच. शेवटी ज्युनिअरने दोन मिनिटांत शोधलं: वायफायच्या परवानगी यादीत फोनचा मूळ मॅक पत्ता (नेटवर्कवरचा ओळख क्रमांक) नोंदवलेला, आणि फोन नेटवर्कला भलताच बनावट पत्ता दाखवतोय. ते सेटिंग बंद केलं की झालं.

*

मला दिसत नाही. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे स्क्रीन रीडरला नुसतं चित्र, तो गप्पच बसतो. आमच्या ग्रंथालयातला दादा ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर, करून द्यायचा, जोडाक्षरांचा चुथडा झालेला असायचा तो स्वतः वाचून नीट करायचा. माझी अडचण कळावी म्हणून एकदा तो मॉनिटर बंद करून, नुसत्या कीबोर्डवर दुपारभर बसला होता. मला हे दुसऱ्याकडून कळलं.

*

मी टेबलापलीकडचा, म्हणजे तंत्रसहायकच. इलेक्ट्रॉनिक्स लॅब, बरीच वर्षं.

"सर, ५ व्होल्ट दिले, अर्धाच व्होल्ट दिसतोय." दहापैकी आठ वेळा प्रोबचं (मोजायच्या तारेचं) बटण १०एक्सवर, म्हणजे व्होल्टेज दहापट कमी करून पाठवणारं, आणि ते दाखवणारा ऑसिलोस्कोप १एक्सवर. उत्तर माझ्या जिभेवर असतं, पण मी एवढंच म्हणतो, "सप्लायलाच प्रोब लावून बघ." तिथेही अर्धाच व्होल्ट दिसला की पोरगं सर्किट सोडून प्रोबकडे बघायला लागतं. यात माझी दहा मिनिटं जातात आणि कामाच्या नोंदवहीत याला रकाना नाही. वरच्या तिकीटवाल्यांची चूक आहेच, पण तिकडे मोजतात ती बंद झालेली तिकिटं, हेही खरं.

बाकी ते कपाटाचं कुलूप परत अडकलं तर तेल सोडू नका, धूळ चिकटते. पेन्सिलच्या शिशाची पूड घाला.