घाट उतरताना न्यूट्रल: नव्या ड्रायव्हरला यातून काय शिकवावं?

पंचवटीकर
मुलगी नुकतीच गाडी शिकली आहे. गाडी १.२ लिटर पेट्रोल, मॅन्युअल. सप्तशृंगी गडावर तिलाच चालवायला द्यायची आहे, पण यात्रा आटोपल्यावर, कारण यात्रेत खासगी गाड्या पायथ्याच्या नांदुरीलाच थांबवतात. उतरताना न्यूट्रल करून ब्रेकवर पाय ठेवला की पेट्रोल वाचतं, असं तिला मैत्रिणींनी सांगितलंय. नुसतं ‘करू नको’ म्हटलं तर पटणार नाही. कारण काय सांगू? आणि या चुकीतून तिने नेमकं काय शिकावं?

सातपूर_गॅरेज
आधी पेट्रोलचा गैरसमज काढा. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत (आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्या) गिअर असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर पेट्रोल बंद करतो, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच.

आता ब्रेक. माणसांसकट १,२०० किलोची गाडी ३०० मीटर खाली आली की साधारण एक युनिट विजेइतकी उष्णता तयार होते, दहा लिटर गार पाण्याला उकळी येईल एवढी. गिअरमध्ये त्यातला बराच भार इंजिन घेतं. न्यूट्रलला जवळपास सगळा ब्रेकच्या डिस्क, पॅड आणि लायनरवर, म्हणजे घासणाऱ्या भागांवर, पडतो. जळका वास आला तर समजा पॅड तापले. पेडल कडक लागतंय पण गाडी थांबत नाही, तर पॅडची पकड गेली. पेडल मऊ लागून आत जातंय, तर ब्रेक ऑइलची वाफ झाली. वाफ दाबली जाते, त्यामुळे जोर चाकापर्यंत पोचत नाही.

इंजिन बंद करून उतरणं त्याहून वाईट. ब्रेकचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरमध्ये दोन-तीन वेळा दाबण्यापुरताच व्हॅक्यूम उरतो, स्टिअरिंग जड होतं, आणि चावी काढली तर लॉकही होतं.

घाटवाट
काय शिकावं म्हणाल, तर चूक वळणावर दिसते पण झालेली असते वर, उतार सुरू होतानाच. तिथे वेग हातात असतो, निर्णय फुकट असतो. खाली तोच निर्णय महाग पडतो. हे एकदा अंगवळणी पडलं की माणूस परीक्षेला आणि पैशाच्या व्यवहारालाही आधी तयारी करून जातो, असं मला मनापासून वाटतं.

तिला हे करून दाखवा: चढताना जो गिअर लागला तोच उतरताना, म्हणजे गडाच्या वळणांवर बहुतेक दुसरा. गिअर उतारापूर्वी टाकायचा, क्लचवरून पाय पूर्ण काढायचा. इंजिन ३,००० आरपीएमला ओरडलं तरी घाबरायचं नाही. वेग ४० कडे गेला की ब्रेक दोन-तीन सेकंद नीट दाबून २५-३० वर आणायचा आणि पूर्ण सोडायचा. हलका दाब सतत ठेवला तर पॅडला थंड व्हायला उसंतच मिळत नाही. वळणाच्या आधी ब्रेक, वळणात नाही. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची.

मुंबई-आग्रा हायवेवरच्या राहुड घाटात रस्ता रुंद असल्याने वेग वाढलेला कळत नाही, तिथे स्पीडोमीटरच्या काट्याकडे बघायला लावा.

पेठरोड
स्कूटरवाल्यांसाठी: वेग कमी झाला की स्कूटरचा क्लच आपोआप सुटतो आणि इंजिनचा अडसर जवळजवळ संपतो. त्यामुळे पेठ रोडवरच्या सावळघाटात डबलसीट उतरताना सगळा भार ब्रेकवर येतो. दोन्ही ब्रेक एकत्र वापरा, मध्ये थांबा.

पंचवटीकर
मुलीला वाचायला दिलं, पटलं. पण ब्रेक गेलाच तर? आणि ब्रेक ऑइल कधी बदलायचं?

सातपूर_गॅरेज
ब्रेक गेला तर इंजिन चालू ठेवा. पेडल भराभर पंप करा, एकेक गिअर खाली आणा, हॅन्डब्रेकचं बटण दाबून धरून तो हळूहळू ओढा, हॉर्न वाजवत राहा. शेवटचा उपाय म्हणजे गाडी डोंगराच्या बाजूला घासत नेणं. नुसता वास आला असेल तर सपाट जागी वीस-तीस मिनिटं थांबा. डिस्कवर पाणी ओतू नका, वाकते किंवा तडकते. तापलेल्या ब्रेकवर हॅन्डब्रेक ओढून ठेवण्यापेक्षा गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ या दर्जाचं ऑइल नवं असताना कमीत कमी २३० अंशांना उकळतं, ओलावा धरल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत उतरते. म्हणून गाडी कमी चालली असली तरी दोन वर्षांनी बदला. गाडीतल्या ब्रेक ऑइलच्या डब्याच्या झाकणावर जो दर्जा लिहिलाय तोच वापरा. गडावर जायच्या आधी पॅडची जाडी बघून घ्या, ३ मिलिमीटरच्या आसपास उरली असेल तर आधी पॅड बदला, मग जा.