अनुभव धागा : मैदानावरचा विश्वास

परवा शनिवारी तरुण संघाची सभा सुटल्यावर एका पोराने मला कोल्हापुरात वायल्डर मेमोरियल चर्चच्या फाटकाशी गाठलं. "दादा, उद्या सकाळी सातला कॉलेज टीमचं सिलेक्शन आहे. उपासनेचं काय करू?" मला पटकन उत्तर सुचलं नाही, म्हणून हा धागा. कॉलेजात खेळताना ख्रिस्ती म्हणून काय काय निभावलंत ते लिहा. प्रवचन नको, घडलेलं सांगा.

स्कॉटिश धावपटू एरिक लिडलची गोष्ट मीच आधी सांगून टाकतो, म्हणजे दहा जण सांगणार नाहीत. १९२४, पॅरिस ऑलिंपिक. १०० मीटरची हीट रविवारी, म्हणून तो धावला नाही आणि ४०० मीटरला ४७.६ सेकंदांत सुवर्ण घेऊन आला. पण त्याला वेळापत्रक कित्येक महिने आधी कळलं होतं. आमच्या पोराला शुक्रवारी रात्री व्हॉट्सॲपवर कळलं.

डावा बॅक

आमच्या फुटबॉल टीममध्ये निम्मी पोरं शिवाजी पेठेची, निम्मी मंगळवार पेठेची. एरवी शाहू स्टेडियमवर एकमेकांच्या उरावर बसणारी, कॉलेजच्या जर्सीत मात्र एक. मॅचआधी गोलपोस्टपाशी नारळ फोडायचा, दरवेळी नवा माणूस. माझी पाळी आली तेव्हा म्हटलं, मला जमणार नाही. सगळे गप्प. मला वाटलं, आता बेंचवर. कॅप्टन म्हणाला, "मग खोबरं तरी वाट की! नुसता उभा काय ऱ्हातोयस?"

तेव्हापासून तीन वर्षं खोबरं वाटायचं काम माझं. आत्याला हे कळलं तेव्हा तिने पवित्र शास्त्र उघडून करिंथकरांस पहिलं पत्र, आठवा अध्याय माझ्यापुढे ठेवला : मूर्तीला दाखवलेल्या नैवेद्याचा. मी पुढचाच नववा दाखवला, शर्यतीचा. करिंथच्या जवळच दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरायचे, हे पत्र लिहिणारा पौल ज्यांच्याशी बोलत होता ती माणसं खेळ बघणारीच होती. आत्या म्हणाली, "आठवा आधी येतो." यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही. खोबरं वाटलं, खाल्लं नाही, एवढंच.

पॉइंट गार्ड

गुड फ्रायडेला सुट्टी असते, म्हणून स्पर्धा भरवणाऱ्यांना तो दिवस फार सोयीचा. आमची बास्केटबॉलची सेमीफायनल दुपारी चारला. बारा ते तीन उपासना, येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार. मी सलवार-कमीजच्या आत शॉर्ट्स घालून गेले, पायात खेळाचे बूट. आईने बूट पाहिले आणि काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. सकाळपासून पाणीही घेतलं नव्हतं, त्यात पाचवा उद्गार "मला तहान लागली आहे" हाच! त्या दिवशी तो मला जरा जास्तच कळला.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये पोटरीत गोळा आला. समोरच्या टीमची मिरजेची मुलगी माझा पाय धरून बसली. उपास आहे म्हटल्यावर लिंबू-मिठाचं पाणी तिनेच आणलं. "रोज्यात मी पण असंच करायचे. आधी पी, मग पळ." मी प्याले. मॅच हरलो, आठ पॉइंटांनी.

जाता जाता एक : बास्केटबॉल हा वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेत जन्मलेला खेळ. १८९१ मध्ये स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथने पीचच्या टोपल्या टांगून तो सुरू केला. व्हॉलीबॉलही वायएमसीएचाच, १८९५ चा. हे आईला सांगून पाहिलं. काही उपयोग झाला नाही.

नाव नको

माझं उलटं आहे. झोनलला मी हाताने गोल केला. रेफ्रीला दिसलं नाही, मी पण दिसू दिलं नाही. पोरांनी खांद्यावर घेतलं. पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं. द्राक्षारसाचा पेला माझ्यापर्यंत आला, मी न पिता तसाच पुढे दिला. शेजारी बाबा होते, त्यांनी पाहिलं.

दोन महिन्यांनी रंकाळ्यावर समोरच्या टीमचा गोलकीपर भेळ खाताना दिसला. छाती धडधडत होती, पण सांगून टाकलं. तो हसायलाच लागला. "आमास्नी म्हाईत हुतं की भावा! आमचा तरी कुठं खरा हुता? ऑफसाइडच हुता त्यो." भेळेचे पैसे मात्र मला द्यायला लावले.

धागाकर्ता

पोराचं काय झालं, सगळे विचारताय. गेला तो सिलेक्शनला. अठरात नाव आलं. त्या रविवारी उपासनेत पेटीवर बसायची पाळी त्याची होती, ती मी वाजवली आणि दुसऱ्या गीताचं तिसरं कडवं पार घसरलं. त्याची आई रागावली आहे. त्याच्यावर नाही, माझ्यावर.