मदत हवी आहे: नेट्समधल्या त्या इंग्रज कॅप्टनचं पुढे काय झालं?

अस्मि_के:
कुणी पटकन सांगेल का? तो इंग्रज कॅप्टन, जो सगळ्यांच्या आधी तासभर येऊन बॉलिंग टाकून घ्यायचा आणि आउट झाला की आठ आणे द्यायचा, त्याचं पुढे काय झालं? आमचा साहेब सारखा विचारतोय आणि रविवारी प्रयोग आहे. 'गूगल करा' म्हणू नका, केलंय.

गुगली:
कुठले नेट्स? कुणाची बॉलिंग? कसला प्रयोग? आणि तुमचा साहेब कोण, बॉस का?

पक्या_गिरगावकर:
जार्डिन! इंग्लंडचा कॅप्टन, जन्मच मुंबईचा. दुसऱ्या महायुद्धात आर्मीत होता. बॉडीलाइनवालाच तो. बॉडीलाइन म्हणजे बॉल अंगावर टाकायचा आणि लेगला फिल्डर पेरून ठेवायचे. त्याचा फास्ट बॉलर लारवुड नसता तर...

अस्मि_के:
बॉडीलाइन कुणी विचारलं? पुण्यातला इंग्रजांचा पूना क्लब हो! तिथे नेट्समध्ये बॉलिंग टाकणारे दलित स्पिनर बाळू पळवणकर! सोसायटीच्या गणपतीत एकांकिका आहे, त्यात साहेबाचं काम करणारा विचारतोय.

जुनाजाणता:
हे आधी सांगायचं. मग जार्डिन बाद, तो १९०० साली जन्मला. बाळू तिथे रोलर फिरवायचे, जाळी लावायचे ते १८९० च्या दशकात. तुमचा माणूस रॉबर्ट पूअर. घोडदळातला अधिकारी, लॉर्ड हॅरिस मुंबईचा गव्हर्नर असताना त्याचा एडीसी, म्हणजे खास मदतनीस अधिकारी. १८९९ मध्ये इंग्लंडात हॅम्पशायर काउंटीकडून सॉमरसेटविरुद्ध ३०४ ठोकले. पुस्तकं वाचून क्रिकेट शिकलेला म्हणे.

सदाशिव_पेठी:
पूअर नव्हे हो. ग्रेग. जॉन ग्लेनी ग्रेग, 'जंगली' म्हणायचे त्याला.

जुनाजाणता:
दोघेही हॅम्पशायरचे, दोघेही आर्मीतले, दोघांचीही गव्हर्नरकडे ऊठबस. ग्रेगच कशावरून?

सदाशिव_पेठी:
बाळूंच्या हकिकतीत सगळीकडे ग्रेगच येतो, पूअर कुठेच नाही, यावरून. शिवाय पूअर सहा फुटांच्या वर, धिप्पाड. ग्रेग चणीने लहान, मनगटाने खेळणारा. अस्मिताई, तुमचा नट केवढा आहे?

अस्मि_के:
काडी आहे. ग्रेग चालेल. पण पुढे काय झालं????

साउदॅम्प्टनकर:
मी हॅम्पशायरमध्येच राहतो म्हणून लिहितो. जन्म महूचा, १८७१. नोकरी हिंदुस्थानात, काउंटी क्रिकेट जमेल तसं. १९०१ मध्ये लिव्हरपूलला लँकशायरविरुद्ध नाबाद २४९. हिंदुस्थानात युरोपियन संघाचा मोठा बॅट्समन, म्हणजे बाळूंच्या ज्या बॉलिंगवर सराव केला ती मुंबईत समोरच्या हिंदू संघाकडून खेळायची. मला विचाराल तर नाटक तिथेच आहे, आठ आण्यांत नाही. कर्नल झाला, इंग्लंडला परतला, १९२१ ते १९३० हॅम्पशायर क्लबचा सेक्रेटरी. आणि १९३५ मध्ये, साठी उलटल्यावर, चक्क कॅथलिक पाद्री झाला. १९५८ मध्ये गेला. बाळू त्याच्या तीन वर्षं आधी, १९५५ ला.

गुगली:
पाद्री?! भारीच. पण आठ आण्यांचं मला पटत नाही. बाळूंचा पगार महिना चार रुपये सांगतात. म्हणजे आठ वेळा दांडी उडाली की महिन्याचा पगार सुटला. एवढा उदार साहेब?

सदाशिव_पेठी:
सांगोवांगी असेल, नाटकात ठेवा. मात्र हेही दाखवा की तासन् तास बॉलिंग करून घेणाऱ्या त्या क्लबात बाळूंच्या हातात बॅट कधी दिली नाही. साहेबाला देवमाणूस करू नका.

जुनाजाणता:
ग्रेगने त्यांची उघड तारीफ केली होती, तेही विसरू नका. हिंदू क्लबवाले बाळूंना घ्यायचं की नाही यावर वाद घालत होते आणि संघात घेतल्यावरही चहा बाहेर मातीच्या भांड्यात देत होते. देवमाणूस कोण नव्हतं हे नीट मोजा.

पक्या_गिरगावकर:
१९३७ च्या निवडणुकीत बाळू डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे होते, तो सीन घ्याच!

सदाशिव_पेठी:
एकांकिका आहे पक्या. महानाट्य नाही.

मनीमाऊ:
मिशी डिंकाने चिकटवू नका, घामाने सुटते. आमच्या अफझलखानाची सुटली होती.

अस्मि_के:
धन्यवाद सगळ्यांना. पाद्रीवाला शेवट आमच्या साहेबाला आवडला नाही. म्हणतो युद्धात गोळी लागून मेला असं दाखवू, टाळ्या पडतील. चालेल का?

साउदॅम्प्टनकर:
नाही. ८६ वर्षं जगला तो. झगा शिवा.