कागदावरचा हक्क आणि वाहतुकीचा पास

'आदिवासी भागांसाठी राज्यघटनेची पाचवी अनुसूची आहे, तिथल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा आहे, मग आदिवासींना आणखी कसली स्वायत्तता हवी?' असं काहीजण विचारतात. घटनेच्याच सहाव्या अनुसूचीतल्या मेघालय, मिझोरामच्या स्वायत्त जिल्हा परिषदा जमीन-जंगलावर स्वतः कायदे करतात. आपल्या गडचिरोलीला तो अधिकार नाही. १९९६ च्या पेसाचे नियम करायलाच महाराष्ट्राने २०१४ उजाडवलं!

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाचंच बघा. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणाऱ्या या गोंड गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, बांबू गावाचा झाला. पण तो बाहेर न्यायचा तर वाहतूक पास लागतो, आणि असे पास देण्याचं पासबुक तेव्हा वनखात्याकडे होतं. ग्रामसभेच्या हाती ते आलं एप्रिल २०११ मध्ये, तेही तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले तेव्हा. एका पासबुकासाठी दिल्लीहून मंत्री यावा लागतो, याचा मला फार त्रास होतो.